ऊसतोडीहून परतलेली मुलं आणि शिक्षकाच्या फोनमधला एआय: पहिली ते चौथीसाठी कामाची पद्धत

मार्च संपत आला की आमच्या वर्गातली हजेरी एकदम वाढते. दिवाळी झाल्या झाल्या आईबापासोबत कारखान्यावर गेलेली मुलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गावात उतरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर पाठीला लावून शाळेच्या दारात उभी राहतात. बीड जिल्ह्यातल्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत माझ्याकडे तिसरी आणि चौथी, मिळून २३ मुलं. त्यातली नऊ हंगामात गावात नसतात. कुणाची आजी घरी असते म्हणून ते मूल मागे राहतं, कुणाची सोय हंगामी वसतिगृहात होते. या नऊजणांचं तसं जमत नाही. पाच महिने पुस्तक उघडलेलं नसतं आणि परीक्षा तोंडावर आलेली असते. एकाच सतरंजीवर अक्षरं विसरलेलं मूल असतं आणि त्याच्या मांडीला मांडी लावून घडाघडा गोष्ट वाचणारंही. पुस्तक मात्र दोघांच्या हातात एकच.

हे दुखणं आमच्या एका शाळेचं नाही. मुलांची वाचन-गणिताची पातळी मोजणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीत हा आकडा ४४.८ टक्के. ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ला सुरू झालं ते याचसाठी: तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला २०२६-२७पर्यंत समजून वाचता यावं आणि साधा हिशेब करता यावा.

दोन वर्षं मी या कामात एआय वापरते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. चौथीपर्यंतच्या मुलांच्या हातात एआय देऊ नये; शिक्षकासमोर वाचनाचा सराव एवढाच अपवाद, तो सहाव्या पायरीत येतो. त्याची जागा शिक्षकाच्या टेबलावर आहे, उद्याच्या वर्गाची तयारी करताना. प्रत्येक मुलाला त्याच्या पायरीचं साहित्य मिळालं पाहिजे, हे आपण डी.एड.लाच शिकलो. पण तेवीस मुलांसाठी सात-आठ प्रकारची कार्डं रोज हाताने लिहायला वेळ कुठून आणायचा? तिथे हे साधन खरंच उपयोगी पडतं. पायरीप्रमाणे शिकवण्याने फरक पडतो याचा चांगला पुरावाही आहे. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांवर ‘माइंडस्पार्क’ या संगणक प्रणालीचा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. आजच्यासारखं बोलणारं एआय त्यात नव्हतं. मुलाच्या उत्तरांवरून त्याची पातळी ओळखायची आणि पुढचा प्रश्न त्या पातळीचा द्यायचा, एवढंच काम ती प्रणाली करायची. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत मुलं स्पष्टपणे पुढे गेली. आपल्या वर्गात हे काम कार्डांवर करता येतं.

पायरी पहिली: आधी मूल ऐका

एआय उघडायच्या आधी दोन दिवस द्या. प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन चार-पाच मिनिटं वाचायला लावा. अध्ययन स्तर निश्चितीची पद्धत आपल्याला माहीत आहेच: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, आणि गणितात १ ते ९, १० ते ९९, हातच्याची वजाबाकी, भागाकार. पाच अक्षरांपैकी चार बरोबर आली तर ती पायरी पार झाली असं समजायचं. पण ‘शब्द स्तर’ एवढंच लिहून थांबू नका, कारण तेवढ्यावर कार्ड बनत नाही. मूल नेमकं कुठे अडतं ते लिहा.

माझ्या वहीतली एक नोंद देते. तिसरीतली मुलगी, हंगामाहून परत आलेली. ‘कमळ’ वाचलं. ‘मासा’ वाचलं. ‘किती’ला थांबली, ‘कत’ म्हणाली. ‘फूल’ला ‘फल’ म्हणाली. शब्द डावीकडून उजवीकडे बोट ठेवून वाचते, अंदाज करत नाही. म्हणजे बिनकान्याचे शब्द येतात, काना येतो, वेलांटी आणि उकार गेलेत. या तीन ओळी हाताशी असतील तर एआयकडून कामाचं काहीतरी मिळतं. ‘तिसरीच्या कच्च्या मुलीसाठी स्वाध्याय दे’ म्हणालात तर कुठल्याही मुलीला न लागणारा स्वाध्याय मिळतो.

वहीत मुलांना क्रमांक द्या. माझी ही मुलगी क्रमांक ७. एआयमध्ये जे काही टाइप कराल किंवा बोलाल त्यात मुलाचं नाव, जात, गाव, आधार क्रमांक, फोटो यातलं काहीच जाता कामा नये. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. नावच दिलं नाही तर हा प्रश्न बराचसा सुटतो, आणि ‘क्रमांक ७’ लिहिल्याने कार्ड काही वाईट बनत नाही. गुणपत्रकाचा फोटो काढून एआयला द्यायची सवय काही ग्रुपांवर दिसते. कृपा करून तसं करू नका.

पायरी दुसरी: फोनची तयारी

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. चॅटजीपीटी, जेमिनी यांतलं कुठलंही एक घ्या, मोफत मिळतं तेवढं पुरतं. कीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग सुरू करा. लांबलचक सूचना बोलून देता आल्या नाहीत तर चार दिवसांत कंटाळा येतो. रेंज नसेल तर घरी बसून साहित्य बनवा आणि कार्डांवर हाताने उतरवा. प्रिंटर नसला तरी चालतं. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू आणि जाड मार्कर एवढ्यावर माझी पहिली दीडशे कार्डं झाली.

पायरी तिसरी: मागायचं कसं

सगळा खेळ या पायरीत आहे, म्हणून सविस्तर सांगते. क्रमांक ७साठी मी पहिल्यांदा लिहिलं होतं: ‘काना असलेले २० सोपे शब्द दे.’ यादी आली: काम, ताट, पाणी, राजा, भाकरी, शाळा, मासा… वरवर बघितलं तर छान. पण ‘पाणी’ला वेलांटी आहे, ‘भाकरी’लाही आहे. जी मुलगी वेलांटीला अडते तिच्या हातात ही यादी गेली असती तर तिसऱ्याच शब्दाला तिचं तोंड पडलं असतं.

असं का होतं हे कळलं की पुढचं सोपं जातं. आपल्याला ‘पाणी’ हा दोन अक्षरांचा शब्द दिसतो. संगणकाच्या लेखी ती चार चिन्हं आहेत: प, काना, ण, दीर्घ वेलांटी. त्यातही ही साधनं मजकूर एकेका चिन्हाने वाचत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी घेतात. एखाद्या शब्दात कोणती मात्रा आहे हे त्यांना आपल्यासारखं डोळ्यांसमोर दिसत नाही. म्हणून त्यांच्याकडून शब्द फोडून घ्यावे लागतात. आता मी असं लिहिते. हवं तर जसंच्या तसं वापरा:

‘मी महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. एका मुलासाठी मराठी वाचनकार्ड हवं आहे. त्याला साधी अक्षरं आणि काना वाचता येतो. वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, रफार आणि जोडाक्षर येत नाही, म्हणून ते कुठेही नको. त्याचे आईवडील ऊसतोड करतात. फड, गाडी, बैल, चारा, बाजार, स्वयंपाक हे त्याचं रोजचं जग आहे. त्या जगातले २० शब्द दे. प्रत्येक शब्दापुढे त्यातली चिन्हं सुटी करून लिही, जसं राजा = र, काना, ज, काना. नियम मोडणारा शब्द स्वतःच काढून टाक आणि त्या जागी दुसरा दे.’

या वेळी मिळालेल्या यादीत चारा, पाचट, टायर, भात, बाजार होते. आणि दोन शब्द असे होते की ते बघून मी थबकले: साखर, कारखाना. दोन्हींत कान्याशिवाय एकही मात्रा नाही. पाच महिने ही मुलगी ज्या फाटकासमोरून जात-येत होती, त्यावरचे ते दोन शब्द तिला आजही वाचता येण्यासारखे होते, फक्त कुणी तिच्यासमोर धरले नव्हते. दुसऱ्या दिवशी कार्ड दिलं. ‘सा-ख-र’ झालं. मग ‘का-र-खा-ना’. मग दोन्ही मिळून एका दमात. नंतर ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते कार्ड हातात घेऊन फिरत होती.

शब्दांवरून वाक्यांवर जाताना एक अडचण येते ती ध्यानात ठेवा. मराठीत ‘आहे’ला मात्रा, ‘होता’ला मात्रा, ‘गेली’त मात्रा आणि वेलांटी दोन्ही. नुसत्या कान्यावर वाक्य करायचं तर क्रियापदं मोजकीच उरतात. ‘आज्ञार्थी वाक्यं दे, आणि आला, झाला, आणला, टाकला, वाढला एवढीच भूतकाळी क्रियापदं वापर,’ असं स्पष्ट सांगितलं की काम होतं. ‘मामा आला. काका, चारा टाका. आता भात वाढा.’ तीन वाक्यं, सगळी वाचता येणारी, आणि मुलाला त्यात घर दिसतं.

पायरी चौथी: पेन्सिल घेऊन तपासणं

न तपासलेलं कार्ड वर्गात नेऊ नका. मी मोबाइलवरूनच तपासायचे तेव्हा चुका सुटायच्या. आता कागदावर उतरवतानाच प्रत्येक शब्दाखाली टिंब देत जाते. काय बघायचं?

नियम मोडणारी मात्रा, हे झालंच. दुसरं, भाषा. एआयच्या मराठीला हिंदीचा आणि इंग्रजीचा वास येतो. ‘तो खूप खुश झाला’, ‘तिने एक निर्णय घेतला’, ‘आईने त्याला एक मोठी मिठी दिली’. आपल्या पोरांच्या घरी असं कुणी बोलत नाही. गोष्ट मागितली की दहापैकी आठ वेळा ‘एका छोट्याशा गावात राजू नावाचा मुलगा राहत होता’ अशी सुरुवात आणि शेवटी तात्पर्य. मी आधीच लिहून देते: राजू नको, ससा-कासव नको, तात्पर्य नको, सफरचंद नको, बोरं, चिंचा, हरभऱ्याचा डहाळा चालेल. तिसरं, संख्यांची नावं. मला एकदा ७९ साठी ‘एकोणसत्तर’ मिळालं होतं. मराठी संख्यावाचन आधीच मुलांना जड जातं. ‘एकोणचाळीस’ ऐकलं की कानावर चाळीस पडतं आणि पाटीवर ४९ उमटतं. २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला होता. त्यात एआयने अक्षरी संख्या चुकवली तर मुलाचा पुरता गोंधळ होतो. अक्षरी संख्या मी एआयकडून घेतच नाही, स्वतः लिहिते.

चित्रांचंही तसंच. चित्र बनवून घ्यायला हरकत नाही, पण चित्रात देवनागरी अक्षरं मागू नका. बऱ्याचदा ती मोडकी येतात, आणि नुकती अक्षरं ओळखू लागलेलं मूल तीच खरी समजतं.

पायरी पाचवी: मुलाच्या तोंडची गोष्ट

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फळ याच पायरीला आलं. कारखान्याहून आलेली मुलं वाचायला मागे असतात, सांगायला मुळीच नाही. बैल कसा बसला, रात्री गाडी चिखलात रुतली तेव्हा काय झालं, कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) साप निघाला, मुकादम काय बोलला, हे ती तासन्‌तास सांगतात. हेच त्यांचं पाठ्यपुस्तक करायचं.

मूल सांगत असताना कागदावर ठळक गोष्टी टिपून घ्या. नंतर त्याच्याच शब्दांत फोनवर बोलून टाइप करा. गोष्ट टाइप करायला मुलाचा आवाज थेट फोनला देऊ नका. एक तर आवाज हीसुद्धा त्याची खाजगी माहिती, शिवाय लहान मुलांचं बोलणं ही साधनं बरंचसं चुकीचं ऐकतात. मग एआयला सांगा: ‘ही एका मुलाने सांगितलेली गोष्ट आहे. याच्या तीन आवृत्त्या कर. पहिलीत सहा वाक्यं, प्रत्येक वाक्यात जास्तीत जास्त तीन शब्द, जोडाक्षर नाही. दुसरीत दहा वाक्यं, चार-पाच शब्दांची. तिसरी १२० शब्दांची. मुलाचे शब्द बदलू नकोस, नवीन प्रसंग घालू नकोस, शिकवण देऊ नकोस.’

ही शेवटची ओळ विसरू नका. चौथीतल्या एका मुलाने सांगितलं होतं, ‘बैल खाली बसला. उठंना. बापानं शेपूट पिळलं. मग मी गूळ दिला. उठला.’ पहिल्या खेपेला त्याचं झालं: ‘बैल थकून खाली बसला. मुलाने प्रेमाने त्याला गूळ भरवला. प्राण्यांवर दया करावी.’ मी ते पुसून परत मागितलं. मूळ पाच वाक्यांत जी जान होती ती बदललेल्यात नव्हती. त्या मुलाचे शब्द तसेच ठेवलेलं कार्ड नंतर सगळ्या वर्गाने वाचलं. ‘उठंना’ असंच ठेवलं, कारण मुलाला तो शब्द तसाच ऐकू येतो आणि वाचताना तो त्याला ओळखतो. प्रमाण रूप ‘उठेना’ पुढच्या आठवड्यात फळ्यावर शेजारी लिहिलं.

तांड्यावरची बंजारा मुलं घरी गोरमाटी बोलतात. तिथे एआयच्या भाषांतरावर विसंबू नका. या भाषेतलं लेखन त्यांच्याकडे फारच थोडं आहे आणि माहीत नसलेला शब्द ती खुशाल रचून देतात. शब्द आयांना विचारा. आमच्या भिंतीवर एक तक्ता आहे: याडी म्हणजे आई, बाटी म्हणजे भाकरी, आणि असे आणखी तीस-एक शब्द, सगळे मुलांच्या आयांनी सांगितलेले. एआयकडून मी या शब्दांवर मराठी वाक्यं तेवढी बनवून घेते. पालघरात वारली असेल, मेळघाटात कोरकू, नंदुरबारला भिल्ली बोली. पद्धत हीच ठेवा.

पायरी सहावी: वाचन ऐकणारी ॲप

मूल मोठ्याने वाचतं, फोन ऐकतो आणि अडलेला शब्द सांगतो, अशी साधनं आहेत. गूगलने २०१९मध्ये ‘बोलो’ भारतात आणलं, पुढे ते ‘रीड अलाँग’ झालं आणि त्यात मराठीही आली. गुजरातमध्ये वाधवानी एआयने सरकारी शाळांसाठी वाचनाचा वेग आणि अचूकता मोजणारं साधन बनवलं. यांचा फायदा खरा आहे. तेवीस मुलांचं रोज एकेक पान ऐकणं एका शिक्षकाला होत नाही. लाजरं मूल वर्गापुढे तोंड उघडत नाही, ते फोनपुढे मोकळेपणी वाचतं.

मी हे असं वापरते: शाळेच्या फोनवर, माझ्या समोर, एका वेळी दोन मुलं, दहा मिनिटं. एक वाचतो, दुसरा बोट ठेवून बघतो. फोन घरी नाही. आणि त्यातल्या गुणांवरून मुलाची पायरी ठरवत नाही. अशा एका साधनाने ‘ल’ आणि ‘ळ’ उलटसुलट वाचणाऱ्या मुलाला सगळं बरोबर दिलं होतं, आणि नाकात बोलणाऱ्या एका मुलीचे बरोबर शब्द चूक ठरवले. ती चार दिवस वाचायलाच बसेना. सरावाला फोन चालेल, पायरी ठरवताना मात्र मुलाचं वाचन शिक्षकाने स्वतः ऐकायचं.

पायरी सातवी: गणितातली चूक वाचणं

वजाबाकीचे पन्नास प्रश्न कुणीही देईल. एआयचा उपयोग मुलाच्या चुकीमागचं कारण शोधायला करा. क्रमांक १२ने ५२ वजा ३७ चं उत्तर २५ लिहिलं. ८१ वजा ४६ चं ४५. ६३ वजा १८ चं ५५. घाईत असताना मी नुसती फुली मारली असती. ही तीन उदाहरणं उत्तरांसकट एआयला दिली आणि विचारलं, ‘हे मूल काय करत असेल? शक्य असलेली कारणं सांग. कुठलं कारण खरं हे ओळखायला मला कोणते तीन प्रश्न विचारता येतील?’

उत्तर बरोबर होतं: मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन. पडताळायला दिलेल्या प्रश्नांपैकी एक ४० वजा ८ होता; मुलाने ४८ लिहिलं आणि खात्री पटली. मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे काढले. पाच गठ्ठे, दोन सुट्या. ‘यातल्या सदतीस मोळ्या गाडीत भर,’ म्हटलं. तीन गठ्ठे त्याने उचलले, सुट्या सात हव्या होत्या, होत्या दोनच. तो थोडा वेळ बघत राहिला आणि न सांगता एका गठ्ठ्याचं रबर काढलं. हातचा म्हणजे काय हे त्याला तेव्हा कळलं. त्यानंतरची सरावाची वीस उदाहरणं एआयने दिली, पाच बिनहातच्याची, पंधरा हातच्याची, उत्तरं शेवटी. उत्तरं मी एकेक करून तपासली. साध्या बेरजा-वजाबाक्यांत ही साधनं सहसा चुकत नाहीत, पण शाब्दिक उदाहरणांत गोष्ट आणि आकडे यांचा मेळ बसत नाही असं होतं, म्हणून तपासायचंच.

पायरी आठवी: दोन वर्गांचं वेळापत्रक

बहुवर्ग अध्यापनात एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला काय द्यायचं हा रोजचा प्रश्न. ‘चौथीला भागाकार शिकवताना तिसरीतल्या तीन गटांसाठी वीस मिनिटांचं, शिक्षकाशिवाय करता येणारं, खडे-काड्या-पाटी एवढ्यावर होणारं काम सुचव,’ असं विचारा. पाचांतल्या दोन कल्पना चांगल्या निघतात, त्या वहीत उतरवून ठेवा. कर्नाटकात मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि शिक्षणा फाउंडेशन यांनी शिक्षकांसाठी ‘शिक्षा कोपायलट’ नावाचं पाठनियोजनाचं साधन याच कामासाठी केलं आहे. पाठ टाचणाची वही भरून दाखवण्यापुरता याचा वापर केला तर मुलांना काहीच मिळत नाही.

मोठ्या मुलांबद्दल थोडंसं

सहावी-सातवीचे शिक्षक विचारतात, मुलांनी स्वतः वापरलं तर? वयाची अट बघा. चॅटजीपीटी १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. शिवाय तुर्कस्तानात हायस्कूलच्या सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग आठवणीत ठेवावा. गणिताच्या सरावात ज्यांना साधं, मागेल ते उत्तर देणारं एआय मिळालं, त्यांनी सरावात ४८ टक्के जास्त चांगली कामगिरी केली. मग ते काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते कधीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा हेच विद्यार्थी १७ टक्के मागे पडले. त्याच प्रयोगात उत्तर न सांगता फक्त इशारे देणारं साधन ज्यांच्याकडे होतं, त्यांचं हे नुकसान जवळजवळ झालं नाही. नायजेरियातल्या एडो राज्यात २०२४मध्ये शाळा सुटल्यावर सहा आठवडे, शिक्षक सोबत असताना मुलांनी एआय वापरलं आणि त्यांची प्रगती चांगली झाली. दोन्ही वाचल्यावर मला एवढंच करावंसं वाटतं: मोठ्या वर्गातही शिक्षक शेजारी हवा, आणि आधी वहीत प्रयत्न, मग प्रश्न.

पायरी नववी: सहा आठवड्यांनी पुन्हा ऐका

पहिल्या पायरीची चाचणी जशीच्या तशी परत घ्या, शब्द तेवढे बदला. ज्या मुलाची पायरी सरकली नाही त्याची कार्डं काढून बघा. बहुतेक वेळा कार्ड एक पायरी वरचं असतं. काही वेळा कारण वेगळंच निघतं. आमच्या एका मुलाला फळा दिसत नव्हता, चष्मा लागला. ते ओळखायला त्याच्या शेजारी बसावं लागलं.

हे सगळं शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या (जवळपासच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांच्या बैठकीत मांडा. केंद्रातल्या दहा शाळांनी आपापली तपासलेली कार्डं एकत्र केली तर कुणालाच सगळी बनवावी लागत नाहीत. कार्डाच्या मागे पायरी लिहा: ‘काना’, ‘काना व वेलांटी’, ‘उकारापर्यंत’, ‘जोडाक्षर’. नव्या शिक्षकालाही ती लगेच वापरता येतात.

दिवाळीआधीचं पाकीट

मुलं निघायच्या आठवडाभर आधी प्रत्येकाचं पाकीट तयार करा. पाच महिन्यांचे साधारण वीस आठवडे, म्हणून वीस कार्डं, वर क्रमांक. पुढची बाजू वाचायला, मागे पाच उदाहरणं. सोपं ते अवघड असा क्रम एआयकडून लावून घ्या, नंतर स्वतः वाचून बदला. तिथे शिकवायला कुणी नसतं, त्यामुळे पहिली चार कार्डं मुलाला आधीच येणारी ठेवा.

आईवडिलांना लिहिलेली सूचना देऊन उपयोग नाही, बऱ्याचजणांना ती वाचता येत नाही. दर रविवारी संध्याकाळी मी व्हॉट्सॲपवर अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवते: ‘ताई, या आठवड्यात सहा नंबरचं कार्ड. त्याला वाचायला लावा, तुम्ही नुसतं ऐका. अडला तर पुढं जाऊ द्या.’ काय बोलायचं ते एआयकडून सोपं करून घेते, पण बोलते मीच. यंत्राच्या आवाजातला निरोप आया पुढे ढकलतात, मॅडमचा आवाज आला की पोराला हाक मारतात. काही मुलं उत्तरादाखल कार्ड वाचून आपला आवाज पाठवतात. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत असतो.

पाकीट प्लॅस्टिकचं घ्या, कोपीत दव पडतं. आत दोन पेन्सिली आणि एक शार्पनर टाका. फडाजवळ दुकान नसतं.